अफजलची कोयरी

सणसरच्या फाट्यावर अफजल मुलाणी पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला तो चेष्टेचा विषय म्हणून. त्र्याण्णवचा उन्हाळा होता. कुंडलिकच्या चहाच्या टपरीपुढे एक डिझेल बुलेट धडधडत येऊन थांबली. तिच्यामागे, स्कूटरच्या दोन चाकांवर, पत्र्याची एक पेटी होती. लेकीच्या पाठवणीला देतात तशीच, निळी, कडेनं गुलाब आणि राघू काढलेली; फक्त आत माणूस मावेल एवढी.

बाकड्यावरची माणसं उठून बघायला आली.

"अफजलभाई, भाभीला पेटीत घालून कुलूप लावता का काय?" कुंडलिकनं विचारलं.

पेटीच्या खिडकीतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला. बोटांना लाल-हिरवा रंग लागलेला.

"कुलूप यांनाच लावाय पायजे, कुंडलिकभाऊ. सोता दोन कप पित्यात आन मला म्हंत्यात, तुला चहानं पित्त हुतं."

सगळे हसले, अफजलही हसला. चहाचा कप त्यानं खिडकीशी नेऊन दिला, तिचा पिऊन होईपर्यंत उन्हात उभा राहिला आणि रिकामा कप घेऊन आला. त्याची बायको सितारा खाली का उतरली नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

अफजलचं दुकान पिंपळीत, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून. पेट्या, पिठाचे डबे, चाळण्या, नरसाळी असा सगळा पत्र्याचा माल. पत्रा कापायचा, ठोकायचा, डाग देऊन जोडायचा अफजलनं, रंगवायचं सितारानं. नवरीच्या पेटीवर नाव घालायचं असलं की लोक तिच्याकडेच यायचे. ती चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिच्या अक्षराला एक सरळ, शांत वळण होतं. जोडाक्षरं तर अशी सुटसुटीत काढायची की पाट्या रंगवणाऱ्यानं बघत राहावं. बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजारात गिऱ्हाईक पेटी घ्यायचं, नाव सांगायचं आणि तिच्यापुढं उकिडवं बसून वैष्णवी नाहीतर प्रतीक्षा असं उमटताना बघत राहायचं. रंग वाळेपर्यंत त्या माणसांच्या घरची सगळी हकीकत तिला कळलेली असायची.

मग चालताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली, आणि निसटलेली तिला कळेना. पुढं उजव्या पायाचंही तेच झालं. एकुलती एक लेक, साजिया, अकलूजला दिलेली. घरी एकटं ठेवायचं कसं, आणि ती तरी बाजार सोडून घरात बसणार कशी? म्हणून अफजलनं ती पहिली गाडी केली. तिला आधार देऊन चढवायचं, मग ती आत बाकावर बसायची. बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी खिडकी, आणि खिडकीखाली हातभर लांबीची फळी. फळीला भोकं पाडून रंगाचे डबे बसवलेले, म्हणजे गचक्यानं सांडू नयेत. जत्रांच्या दिवसांत आदल्या दिवशीच जाऊन जागा धरावी लागे. तेव्हा बाकाची पाठ आडवी केली की दोघांपुरती निजायची सोय.

लोक गाडीला पेटीच म्हणायचे. पेटीत खोडी बऱ्याच होत्या. चौकोनी तोंड वाऱ्याला अडायचं. उसाचा ट्रक शेजारून गेला की ती अशी हेलकावे खायची की अफजल बुलेट कडेला घ्यायचा. दुपारी आत भट्टी व्हायची. सितारा तक्रार करायची नाही. "मी भाकर हाय का, भाजाय?" एवढंच कधीतरी म्हणायची.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर तो तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवायला सांगितलं आणि अफजलला आत बोलावलं. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं घाई केली नाही. पायांचं गेलेलं बळ परत येणार नाही, म्हणाला. आता हा आजार वर चढेल. वर्षभरात हात जातील. पाठ बसू देणार नाही. औषध नाही, कुठंच नाही.

अफजल बाहेर आला तेव्हा ती बाकावर बसून समोरच्या बाईचं तान्हं हसवत होती.

"काय म्हनलं?"

"ताकदीचं औषध दिलंय. पाय येत्याल म्हनलं, सावकाश."

"सावकाश तर सावकाश," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला झोप लागली. अफजल खिडकीबाहेर बघत राहिला. जे ऐकलं ते कुणाला सांगावं हे त्याला कळेना. साजियाला कळवलं तर ती रडत येईल आणि सिताराला सगळं समजेल. मग त्यानं कुणालाच सांगितलं नाही. एमआयडीसीत एक दुग्धशाळा जुनं सामान मोडीत काढत होती, तिथून त्यानं दुधाच्या टाक्यांचे गोल पत्रे आणले आणि दुकानामागं नव्या गाडीचं काम धरलं.

त्या कामात तो बुडून गेला. आत एक विचार होता तो हातांवाटे बाहेर पडत होता. नव्या गाडीचं तोंड त्यानं गोल केलं, पाठ उतरती केली, शेपटाकडं निमुळती. उंची हातभर कमी केली. चाकांचा आस वीतभर मागं सरकवला, म्हणजे ओझं बुलेटवर येऊन मागचे हेलकावे थांबावेत. छताला आतून थर्माकोल आणि त्यावर घोंगडी लावली. शेपटाचा पत्रा बिजागरीवर वर उचलेल असा केला. त्याखाली स्टो, पिठाचा डबा, मिठाचा डबा, तव्याला हूक. म्हणजे त्याला मागं उभं राहून भाकरी थापता येईल. बाक काढूनच टाकलं. त्या जागी गादीची लांब फळी, तीही चाकांवर. कडेचा दरवाजा उघडला की फळी निम्मी बाहेर ओढता येईल आणि माणसाला उचलण्याचे हाल होणार नाहीत. खिडकी पार खाली आणली, उशीच्या पातळीला.

सितारा घरात बसून ठोकठोक ऐकायची. "माझा महाल कुठवर आला?" विचारायची. तो म्हणायचा, "बघशील की."

फेब्रुवारीत गाडी पुरी झाली. शेजारची सिंधुबाई, इंदापूरच्या बाजारात यांच्या बाजूलाच भाजीचं दुकान मांडणारी, सकाळीच बघायला आली. तिनं एक फेरी मारली आणि हनुवटीला बोट लावलं.

"अगं बया! ही तर लुगड्याच्या काठावरची कोयरी हाय."

नाव तिथंच पडलं. अफजलनं सिताराला उचलून आणलं, फळीवर निजवलं आणि फळी आत सरकवली. काही वाजलं नाही की अडकलं नाही. शेपटाचा पत्रा उचलून दाखवला, छताची घोंगडी दाखवली. सिंधुबाईच्या तोंडाला खळ नव्हता.

"भाभी, नशीब काढलंस गं. आता उठाय नको का बसाय नको. निजल्या निजल्या बाजार! खिडकीबी कशी गालाशी आणून ठिवलीया."

सितारा पडल्या पडल्या इकडंतिकडं बघत होती. भिंतीवरून नजर गेली, छतावरून गेली, पायाकडं गेली.

"माझं रंगाचं डबं कुठं ठिवायचं?"

अफजलच्या हातात शेपटाचा पत्रा तसाच वर धरलेला राहिला.

"फळी... ऱ्हायलीच की ती. इसरलो बघ."

"तव्याला हूक केलाय तुमी," ती म्हणाली. "मिठाच्या डब्याला जागा केलीया."

"करतो की. दुपारच्याला करतो."

"सिंधुवैनी, जरा चहा टाकता का?" सितारा म्हणाली. सिंधुबाई काय समजायचं ते समजून घरात गेली.

मग सितारानं दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले, पंजे उघडले, मिटले. उजव्या हाताची करंगळी जरा मागं राहत होती. ती महिनाभर मागं राहत होती; तिला वाटलं होतं थंडीनं असेल.

"हात बी जायाचं व्हय?"

अफजल तिच्याजवळ येऊन मातीत बसला. त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मला न्हाय सांगितलंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पत्र्याला सांगितलंत."

त्यानं त्याच दुपारी फळी बसवली. भोकं पाडली, डबे घातले, ब्रश धुऊन ठेवले. निजून हात पोचेल अशा अंतरावर, कोपराला टेकू मिळेल अशी. इतकं सोपं होतं ते काम. पुढच्या बाजारी इंदापुरात एका बाईनं पेटी घेतली आणि लेकीचं नाव घालायला सांगितलं.

"न्हाय जमत आता, मावशी," सितारा खिडकीतून म्हणाली. "बाहेरनं घालून घ्या कुणाकडनं."

अफजलनं ब्रश पुढं केला. तिनं तोंड पलीकडं फिरवलं.

तिचे हात तेव्हा चालत होते. हे अफजलला दिसत होतं, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. ती लसूण सोलायची. स्वतःची वेणी घालायची. साजियाच्या बाळाला तिनं टोपी विणून पाठवली. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला, तरी हात चालत होते. पण ब्रशाला तिनं पुन्हा बोट लावलं नाही. त्यानं एकदा हात जोडले. म्हणाला, एक राघू काढ, एकच, माझ्यासाठी.

"कशाला? तुमी तर आधीच मोजून ठिवलंय."

रागानं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती दमल्या माणसासारखी म्हणाली. डबे फळीतल्या भोकांत बसलेले होते, त्यांच्यात रंगाची साय धरली, मग खपली. गाडी मात्र हेलकावा खात नव्हती. ट्रक शेजारून गेले तरी रेषेत चालायची, आतून गार राहायची. कुंडलिकच्या टपरीवर माणसं म्हणायची, काय गाडी बनवलीय भाईनं! आणि अफजल दुसरा कप न घेताच निघायचा.

हात गेले ते सत्त्याण्णवच्या दिवाळीला. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा बरेच उशिरा. तोवर तिला खिडकीतून बघायचीही हौस राहिली नव्हती. बाजाराला नको म्हणाली. कोयरी अफजलनं निमगाव केतकीच्या एका डाळिंबवाल्याला देऊन टाकली. तिथला राखणदार तीत झोपतो.

दुकान बंद आहे. अफजल आता एमआयडीसीत एका शेडमध्ये पहिल्या पाळीला पत्रा कापतो. तोवर सिंधुबाई सिताराजवळ बसते. चारच्या सुमाराला तो घरी येतो, हात धुतो आणि तिला भात कालवून भरवतो.