कॉर्फच्या किल्ल्याखालचे चार बॉम्ब

मोरेश्वरराव चिंचाळकर भित्रे होते, आणि ते स्वतःच तसं सांगत. साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात नकाशे गिरवणारे अनुरेखक म्हणून लागले आणि नकाशे काढणारे आरेखक म्हणून निवृत्त झाले. मधल्या तेहतीस वर्षांत साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन दार न वाजवताच ते कितीदा माघारी आले, याची मोजदाद नाही. पण नकाशाच्या कागदावर त्यांना कुणाची भीती वाटत नसे. धरण असो की साधी मोरी, रेघ अशी यायची की इंजिनिअर लोक म्हणायचे, चिंचाळकरांचा नकाशा वाचायला चष्मा लागत नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट आखायची, तिच्यात कामाचं नाव, कुणी काढला, कुणी तपासला, तारीख आणि पत्ता लिहायचा. त्याशिवाय त्यांनी एकही कागद हातावेगळा केला नाही.

पत्नी गेल्यावर, २००१च्या जुलैत, ते सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगला आले. विनय तिथे सॉफ्टवेअरमध्ये होता. सून सुनेत्रा, आठ वर्षांची नात अनिका, आणि तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट, पुढे हातभर अंगण. दोन महिने बरे गेले. मग सप्टेंबरातला तो मंगळवार आला, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले आणि सगळ्यांचे आवाज खाली आले. विनयने गाडीला छोटा अमेरिकन झेंडा लावला. डॅलसमध्येच एका दुकानदाराला अरब समजून त्याच्या दुकानात गोळी घातल्याची बातमी आली, त्या दिवशी सुनेत्रा म्हणाली, "बाबा, सकाळी फिरायला जाताना डोक्याला मफलर गुंडाळू नका हं. इथल्या लोकांना पगडी आणि मफलर यातला फरक कळत नाही."

"मग सर्दी झाली तर?"

"सर्दी परवडली."

त्यात विनयच्या ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याचा व्हिसा नोकरीच्या जिवावर होता. नोकरी गेली की घरदार गुंडाळून परत, हे मोरेश्वररावांना ठाऊक होतं. आणि पोलिसांत कुठे नाव गेलं तर नोकरीही आणि व्हिसाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी अनिकाच्या बाईंनी वर्गाला काम दिलं. प्रत्येकाने एक खराखुरा किल्ला निवडायचा, त्याचं मॉडेल करायचं, नकाशा काढायचा आणि इतिहास लिहायचा. लायब्ररीतल्या जाड पुस्तकातून अनिकाने इंग्लंडमधला कॉर्फचा किल्ला काढला.

"हाच का गं? यापेक्षा चांगले आहेत की."

"बिकॉज इट्स ब्रोकन, आजोबा."

दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. मोरेश्वररावांनी ठरवलं, शाळेचं मॉडेल आणि दिवाळीचा किल्ला एकच करायचा. अंगणात विटा रचल्या, त्यांवर गोणपाट टाकून चिखल थापला, उतारावर अळीव पेरले. दुपारी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचत आणि शाळेतून आलेल्या अनिकाला सांगत.

कॉर्फ त्यांना एकदम आपला वाटला, कारण तो टेकडीवर होता. पण त्याची गोष्ट वाचताना ते मधेच पुस्तक मिटून ठेवत. किल्ला उभा राहण्याआधीच त्या जागी एका कोवळ्या राजाचा खून झालेला. पुढे परक्या देशातून आलेल्या विल्यम राजाने तिथे तट चढवला आणि वर पांढऱ्या दगडाचा बालेकिल्ला उभा राहिला. जॉन राजाने तिथे आपला खजिना ठेवला, आपली पुतणी कोंडली, आणि बावीस सरदारांना अन्नपाण्यावाचून मारलं.

"बावीस? ऑल ऑफ देम?"

"बावीस. तू ते इतिहासात लिहू नकोस. बाईंना आवडायचं नाही."

चार-पाचशे वर्षं राजांनी वापरून झाल्यावर एलिझाबेथ राणीने तो विकून टाकला. मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली. किल्ल्याची मालकीण बँक्सबाई राजाच्या बाजूने मूठभर माणसं आणि मोलकरणी घेऊन लढली. वरून दगड आणि जळते निखारे टाकले. दुसऱ्या वेढ्यात मात्र आतल्याच एका अधिकाऱ्याने दगा दिला आणि शत्रूचे शिपाई मदतीला आलेले दोस्त म्हणून आत घेतले. पार्लमेंटने हुकूम काढला, हा किल्ला पुन्हा कुणाच्या उपयोगी पडता कामा नये. बुरुजांच्या पायात दारू ठासून बत्ती दिली. एक बुरुज खाली घसरला, दुसरा कलला, आणि ते आजही तसेच उभे आहेत.

"आपणही करतो की हे," मोरेश्वरराव म्हणाले. "भाऊबीज झाली की किल्ल्याला सुरुंग लावायचे. तुझा बाबा लहानपणी सुतळी बॉम्ब लावून उडवायचा. चिखल थेट शेजारच्यांच्या वाळवणावर."

"कॅन वी डू इट? प्लीज, आजोबा!"

विनयच्या मित्राकडे चार जुलैचे, इथल्या स्वातंत्र्यदिनाचे, चार फटाके उरले होते. मोरेश्वररावांनी होकार दिला आणि नकाशा काढायला घेतला. हाताने काढलेला त्यांचा हा शेवटचाच नकाशा म्हणायचा. तट, दरवाजे, बालेकिल्ला, सगळं मापात. पार्लमेंटच्या माणसांनी दारू ठासली असावी असं वाटलं, तिथे लाल फुल्या. अनिकाला वाचता यावं म्हणून अक्षरं इंग्रजी. एक ते चार क्रमांकाचे बॉम्ब. रविवार, अठरा नोव्हेंबर, दुपारी चार वाजता स्फोट. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत कामाचं नाव, किल्ला: के, आय, एल, एल, ए. नकाशा काढणार, एम. व्ही. चिंचाळकर. तपासणार, अनिका. खाली अपार्टमेंटचा नंबर आणि रस्ता.

एका मंगळवारी ते पाऊण मैल चालत लायब्ररीत गेले आणि त्याच्या दोन प्रती काढल्या, एक शाळेला, एक घरात. संध्याकाळी अनिकाने विचारलं, "रंगवलेला कुठे आहे?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही काळ्या प्रती हातात होत्या. लाल फुल्यांचा मूळ कागद मशीनच्या काचेवरच राहिला होता.

"असेल तिथेच," असं म्हणून त्यांनी प्रत सरळ केली आणि सहज वाचली. वाचता वाचता त्यांना घाम फुटला. मराठी माणसाला बॉम्ब म्हणजे सुतळी बॉम्ब, लक्ष्मी बॉम्ब. किराण्याच्या दुकानात मिळतो. इथे मात्र बॉम्ब म्हणजे बॉम्बच. आणि त्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कामाचं नाव. त्यांनी शब्दाच्या शेवटचा 'ए' बोटाने झाकला. उरलं ते वाचलं आणि बोट पटकन उचललं.

पुढचे तीन दिवस त्यांचं अन्नावरचं मन उडालं. शाळेच्या प्रतीवरचे बॉम्ब त्यांनी सुनेत्राच्या पांढऱ्या शाईने खोडले, मग वाटलं, खोडाखोड तर जास्तच संशयाची. अंगणात किल्ल्याला पाणी घालायला गेले, की पार्किंगमध्ये कुठली गाडी नवी आहे ते आधी बघत. गुरुवारी तिथे खरंच पोलिसांची गाडी उभी राहिली. ते आत येऊन न्हाणीघरात बसले.

"बाबा, बरं वाटत नाही का?" सुनेत्राने दाराबाहेरून विचारलं.

"पोलीस आलेत."

"अहो, ते वरच्या त्या पोराच्या म्युझिकसाठी! मीच फोन करणार होते. या बाहेर, चहा निवतोय."

शुक्रवारी संध्याकाळी अनिका मैत्रिणीकडे गेली होती. विनय बूट काढत असतानाच त्यांनी त्याला सगळं सांगितलं. विनय आधी हसला. मग त्याने प्रत हातात घेतली.

"बाबा, नाव लिहिलंत?"

"नाव लिहिल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही रे."

"पत्ता पण? वेळ पण? दुपारी चार?"

"पाचनंतर अंधार पडतो ना आता."

विनयला हसू आलं नाही. सुनेत्राने खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि तसं करण्याचं कारण कुणी विचारलं नाही. "तुम्ही तिकडे परत जायचं नाही," विनय म्हणाला. "कुणी कचऱ्यात टाकला असेल तर सुटलो. नसेल तर सोमवारी वकिलाशी बोलतो. तोवर गप्प." हे बोलताना तो एकच बूट घालून उभा होता. मोरेश्वररावांनी त्याच्याकडे पाहिलं. दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा हा पोरगा असा पांढरा पडला नव्हता.

शनिवारी विनय अनिकाला पोहायला घेऊन गेला, सुनेत्रा अंघोळीला गेली. मोरेश्वररावांनी इस्त्रीचा सदरा घातला, पासपोर्ट खिशात टाकला आणि लायब्ररीकडे निघाले. काही धाडस वगैरे नव्हतं. कागदावर नाव आपलं आहे. पोलिसांनी घरी येऊन विनयसमोर विचारण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, एवढाच हिशेब.

काउंटरवरच्या बाईंना त्यांनी वाटेत पाठ केलेलं, नकाशा मशीनवर राहिल्याचं वाक्य म्हणून दाखवलं. बाईंचा चेहरा बदलला. "प्लीज, बसा," म्हणून त्या आत गेल्या आणि फोनवर हळू आवाजात बोलल्या. मोरेश्वरराव मुलांच्या विभागातल्या बुटक्या खुर्चीवर बसले. समोरून एक आई आपल्या पोराला हाताला धरून लांबच्या वाटेने घेऊन गेली. चाळीस मिनिटं झाली. आता उठून चालू लागावं, असं त्यांना तीनदा वाटलं. पण दर वेळी त्यांनी खिशातला पासपोर्ट चाचपला आणि तिथेच बसून राहिले.

पोलीस अधिकारी आला तो धिप्पाड आणि शांत होता. त्याने फोल्डरमधून लाल फुल्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे काय आहे, सर?"

मोरेश्वररावांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांतलं होतं. बोलायला ते कामाचं नव्हतं. "फेस्टिव्हल," ते म्हणाले. "चिल्ड्रन." त्यांनी पेन्सिल मागितली. कागदाच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब काढला, वात काढली, शेजारी माप लिहिलं: एक इंच. त्याच्या शेजारी वाटीएवढा मातीचा बुरुज. मग त्यांनी कॉर्फचं जाड पुस्तक शोधून आणलं आणि कललेल्या बुरुजाच्या फोटोवर बोट ठेवलं.

अधिकारी बराच वेळ फोटो बघत राहिला. "स्वतः बांधलेली गोष्ट कुणी उडवून का देईल?"

"सो दॅट," मोरेश्वरराव म्हणाले, "नेक्स्ट इयर, न्यू."

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. अधिकारी हसला नाही, पण त्याचे खांदे सैल झाले. "शहराच्या हद्दीत फटाके उडवायला बंदी आहे, सर." मग त्याने वही काढली. "घरी आणखी कोण राहतं?"

मोरेश्वररावांनी मुलाचं नाव सांगितलं. नोकरी कुठे, विचारलं. तेही सांगितलं. व्हिसा कुठला, तेही. अधिकाऱ्याने सगळं सावकाश लिहून घेतलं आणि नकाशा पुन्हा फोल्डरमध्ये ठेवला.

"तो मला मिळेल?"

"हा आता आमच्याकडे राहील."

मोरेश्वरराव घरी आले तेव्हा विनय दारातच उभा होता. "कुठे होतात? काय झालं?"

"फटाके उडवायचे नाहीत म्हणाले. बाकी काही नाही."

विनयचं नाव आणि नोकरी लिहून दिल्याचं त्यांनी सांगितलं नाही. भाऊबीज झाली, आणि रविवारी चार वाजता अनिकाने किल्ला बादलीभर पाणी ओतून पाडला. जानेवारीत ते साताऱ्याला परतले आणि ती भीतीही त्यांच्याबरोबर गेली. विनयची नोकरी टिकली. त्याने ग्रीन कार्डाचा अर्ज केला आणि तो रेंगाळला. एक वर्ष, दोन वर्षं. फोनवर ते दर रविवारी तब्येतीच्या आधी अर्जाचं विचारत. २००७ साली विनय म्हणाला, "बाकी सगळं झालंय, बाबा. नुसतं पोलिसांकडून नाव तपासून यायचं राहिलंय. कुठेतरी अडकलंय." कुठे अडकलंय ते मोरेश्वररावांना माहीत होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कार्ड आलं २००८च्या मे महिन्यात. मोरेश्वरराव तेव्हा तिथेच होते. सुनेत्राने शिरा केला. अनिका आता पंधराची, तिने कार्डाबरोबर बाबाचा फोटो काढला आणि "फायनली, यार!" म्हणून खोलीत निघून गेली. मोरेश्वररावांची बशी तशीच होती.

"विनू, तुझं कार्ड माझ्यामुळे रखडलं. त्या शनिवारी मी त्यांना तुझं नाव दिलं होतं. नोकरी, व्हिसा, सगळं."

विनयने चमचा खाली ठेवला. "माहीत आहे मला. दुसऱ्याच आठवड्यात दोन अधिकारी ऑफिसात आले होते. तासभर बसवलं मला."

"काय विचारलं?"

"किल्ला म्हणजे काय, इथपासून सगळं. आणि तुम्ही किती दिवस राहणार, ते." त्याने कार्ड उचलून पाहिलं. "कार्ड सगळ्यांचीच रखडली, बाबा. तुमच्या नकाशामुळे की कशामुळे, ते कोण सांगणार?"

"मला बोलला नाहीस."

"तुम्ही घाबराल म्हणून."

"आणि तू?"

"मी घाबरलोच होतो की. अजूनही बेल वाजली की आधी पडद्याआडून बघतो, मग दार उघडतो."

मोरेश्वरराव साताऱ्याला तेच करत होते, गेली सहा वर्षं. पोस्टमन आला तरी.