पिशाच्चाचं स्थळ

आमच्या रुचासाठी जे पहिलं स्थळ चालून आलं, त्यातला मुलगा मेलेला होता. ही गोष्ट आमच्या नणंदबाईंना कळायला आठवडा लागला, आणि तोवर त्यांनी मुलाकडच्यांना चहापोह्यांना बोलावूनही ठेवलं होतं.

सुरुवात मात्र अगदी साहित्यिक झाली. मी अमरावतीत ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. (त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि ते मी न विचारता देते.) रुचा तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि एमएस्सी पुण्याला करायची, या एकाच गोष्टीचा तिला ध्यास लागला होता. तिचे बाबा अर्धे तयार होते. त्यांचा उरलेला अर्धा भाग अकोल्याला राहत होता, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, विमलताईंकडे. आमच्याकडे विमलताईंना विचारल्याशिवाय साधा फ्रिज बदलत नाहीत, तिथे पोरगी पुण्याला कुठली जायला! आणि ताईंचं म्हणणं एकच. "पुन्याले कायले? चांगलं पोरगं पाहा अन् उरकून टाका."

अशा नाजूक दिवसांत रुचा वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाआड एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचताना सापडली. काळं कव्हर, त्यावर लालभडक फूल आणि मागे कावीळ होऊन गेल्यासारखा एक पोरगा.

"काय आहे गं हे?"

"व्हॅम्पायर आहे आई. रक्त पितो. पण चांगला आहे."

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे हिचं नाही पीत."

आता यावर कोणाला कुतूहल वाटणार नाही? माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी बाकाखाली हेच वाचत असतात, हे मला ठाऊक होतं. मग म्हटलं, आपणही एकदा पाहूच, या पिशाच्चात असं आहे तरी काय. रुचा कॉलेजला गेली की मी पुस्तक घ्यायची आणि ती यायच्या आत जागेवर ठेवायची. (या वयात चोरून कादंबरी वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. बाकी मजा येत होती.)

लेखन म्हणाल तर देवाचीच करणी! नायकाचे डोळे दर पानाला रंग बदलतात आणि दर वेळी त्या रंगाला चार-चार विशेषणं. नायिका सपाट फरशीवर अडखळते, तो झेलतो. ती उठते, पुन्हा अडखळते, पुन्हा झेलतो. अर्धं पुस्तक होईपर्यंत दुसरं काही घडतच नाही. माझ्या अकरावीतल्या कोणी असा निबंध लिहिला असता तर मी लाल पेनानं तो रक्तबंबाळ केला असता. तरी खाली ठेववत मात्र नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

खरी चीड आली ती त्या पोराच्या वागण्याची. हा तिच्या खिडकीतून न विचारता आत येतो. कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही, तेही हाच ठरवतो. ती बिचारी झाडापानांचं शिक्षण घ्यायला लांबच्या कॉलेजात निघालेली, तर हा म्हणतो, तुझ्याशिवाय मी कसा राहू? आणि ती आनंदानं रडत ॲडमिशन सोडून देते! मला आमच्या रुचाचं पुणं बुडताना दिसायला लागलं.

"रुचा, तुला हा आवडतो?"

"म्हणजे तू वाचलंस? चोरून?"

"तो मुद्दा नाही! हा मुलगा तिला श्वाससुद्धा विचारून घ्यायला लावतो. यात आवडण्यासारखं काय आहे, मला खरंच समजून घ्यायचंय."

"आई, तू ना, फार लेक्चर देते," असं म्हणून तिनं पुस्तक ओढून घेतलं.

लेक ऐकत नाही म्हटल्यावर मी श्रोते शोधले. आमच्या कॉलनीत बायकांचं एक वाचनमंडळ आहे आणि त्याचा मोबाईलवर ग्रुप आहे. कुकर लावता लावता मी आवाज रेकॉर्ड करून पाठवायला बसले. लेखनशैलीवरचा पहिला भाग बरोबर ठिकाणी गेला. मुलावरचा दुसरा भाग गेला आमच्या खानदानी ग्रुपवर, जिथलं विमलताईंशिवाय कोणी काही ऐकत नाही. (दोन्ही ग्रुपांवर एकाच गणपतीचा फोटो लावायची बुद्धी कोणाची, हे मी विचारणार नाही. माझीच.)

त्या दुसऱ्या भागात मी तळमळून बोलले होते, "आता मुलाविषयी. मुलगा गोरापान, देखणा. जंगलाला लागून मोठा बंगला, दारात गाड्याच गाड्या. आईवडील सख्खे नाहीत. चारचौघांत जेवत नाही. दिवसभर घरात, रात्रीच बाहेर पडतो. आणि काय सांगू, आमची रुचा त्याच्यावर जीव टाकून बसलीय हो! पोरीचं पुढचं शिक्षण याच्यापायी बुडणार की काय, अशी मला भीती वाटते."

संध्याकाळी अकोल्याहून फोन आला.

"सुनंदा, ऐकलं मी तुयं. मले काहून नाही सांगतलं पहिलेच?"

ताईंपर्यंत हे मंडळातल्या कोणीतरी पोचवलं असणार, असं मी समजले. विमलताई आणि साहित्यचर्चा! मला भरून आलं.

"मलाच आता आता कळलं ताई. तुम्हाला कसा वाटला?"

"आता बंगला हाये, गाड्या हायेत, मंग वाईट काय? शेती किती हाये पन?"

"शेतीचा कुठे उल्लेखच नाही."

"लपोवलं असन. अन् चारचौघात जेवत नाही म्हनजे पोटाचा तरास दिसते. त्याले ओव्याचं पानी द्यावं."

काय ही निरागस वाचकदृष्टी, असं माझ्या मनात आलं. "ताई, तुमच्यासारख्या बायकांनी याच्यावर मोकळेपणानं बोललं पाहिजे. तुम्ही आणखी चार जणींशी बोला," असं मीच वर सांगितलं.

आणि ताई बोलल्या! जंगलाला लागून बंगला म्हटल्यावर त्यांनी मेळघाटाच्या अलीकडे, थेट परतवाड्याला फोन लावला. तिथे त्यांची चुलतजाऊ. आणि विश्वास ठेवा, असा मुलगा निघाला! पंकज नावाचा. गोरापान, काकांनी दत्तक घेतलेला, संत्र्याच्या धंद्यातला. गाड्या रात्री भरतात म्हणून हा रात्रभर जागा आणि दिवसा झोपलेला. दारात चार ट्रक. अमरावतीची एक शिकलेली पोरगी आपल्यावर जीव टाकून बसलीय हे ऐकून तो आधी घाबरला म्हणे, आणि मग सलूनमध्ये गेला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "परतवाड्याच्या लोकाइले घेऊन येऊन राहिली मी रईवारी. सामोरासमोर बोलून घेऊ."

वा! आता परतवाड्याहूनही वाचक येणार! मी आलूपोह्यांची तयारी केली, नवऱ्याला अमरावतीचा दह्याचटणीतला गिला वडा आणायला पिटाळलं आणि आरशासमोर भाषणाची तालीम केली.

रविवारी दारात मोठी गाडी थांबली. ताई, त्यांच्यामागे जरीच्या साडीतल्या एक बाई, त्यांचे यजमान आणि एक फिक्कट, नवीन इस्त्रीचा तरुण. साहित्यावर तरुणांचंही प्रेम आहे हे पाहून मला फार बरं वाटलं. पोहे वाटले, खुर्ची पुढे ओढली आणि सुरू झाले.

"मी आडपडदा न ठेवता बोलते. मला मुलगा अजिबात पटलेला नाही."

तरुणाच्या हातातला चमचा अधांतरीच राहिला. ताईंनी माझ्या पायावर पाय दिला. भाषण रंगतंय म्हणून त्या दाद देताहेत असं मला वाटलं.

"एक तर वय लपवतो!"

"अट्ठावीसचा हाये वो बाई," जरीची साडी म्हणाली. "पत्रिका आनली ना आमी."

"दिसायला असेल. आतून पार म्हातारा आहे! दुसरं म्हणजे, पोरीच्या खोलीत रात्री-बेरात्री शिरतो."

"कवा?" यजमान एकदम मुलाकडे वळले. "कारे, मी तुले ट्रकावर धाडतो अन् तू इकडं येते?"

"नाही बावा! मी कवाच नाही आलो!"

(इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण वर्ग रंगात आला की मास्तरीण थांबत नाही.)

"आणि मुख्य म्हणजे, रक्त पितो."

"कोनाचं?"

"सध्या जनावरांचं."

"आमी माळकरी हावोत बाई!" त्या माउलीनं गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली.

"तुम्ही असाल हो, मी त्याच्याबद्दल बोलतेय! मुळात तो जिवंतच नाही. मेलेला आहे!"

त्या ताडकन उठल्या. "विमलबाई, काय तमाशा लावला हा? माया जित्याजागत्या पोराले मेला म्हनून राहिली ही!"

तेवढ्यात आवाज ऐकून रुचा बाहेर आली. पोरगी लाजेल म्हणून आत्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, पाहुणे आईकडे आलेत. तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले, माझा पाहिला आणि खोलीतून ते काळं पुस्तक आणून टीपॉयवर ठेवलं.

"आत्या, आई याच्याबद्दल बोलत होती. हा पुस्तकातला आहे."

मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं. पंकजनं मात्र पुस्तक उचललं, कव्हरवरच्या पोराकडे निरखून पाहिलं.

"हा रोज खिडकीतून येते? अन् पोरगी याले मारत नाही?"

"पुस्तकात नाही मारत," रुचा म्हणाली.

"मी आलो असतो तं?"

"पोलिसाले फोन केला असता."

"मंग तुमाले याच्यात आवडते काय?"

मी कान टवकारले. नेमकं हेच मी विचारून विचारून थकले होते.

"तो तिच्यासाठी अख्खं जग विसरते, ते वाचताना बरं वाटते. त्रास देऊ लागला की पुस्तक मिटता येते. ती कॉलेज सोडते ना, तिथं तं मी दोन दिवस फेकूनच दिलं होतं."

"कॉलेज काहून सोडते?"

"तो म्हणते, लांब जाऊ नको."

पंकजनं मान हलवली. "भलताच रिकामा मानूस दिसते. कामधंदा नसला की असंच होते."

मी इतके दिवस घसा कोरडा केला, आणि त्या दोघांनी चार वाक्यांत समीक्षा संपवली. रुचा मुळीच भुललेली नव्हती. मला तिचा अभिमान वाटला आणि तितकीच स्वतःची लाजही.

परतवाड्याची मंडळी गिला वडा यायच्या आतच उठली. दारात जरीची साडी स्पष्टच बोलली, "पोरगी सोन्यासारखी हाये. पन अशी विहीन नको बाई आमाले." पंकज जाताना पुस्तक मागून घेऊन गेला, रात्री गाडी भरेस्तोवर वाचायला.

नवरा वड्यांचं पुडकं हातात धरून उंबऱ्यातच उभा. पुणं संपलं, असंच रुचाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, आणि ते माझ्यामुळे संपलं म्हणून मला रडू येत होतं.

शेवटी ताईंनी भावाकडे पाहिलं. "रमेश, या पोट्टीले पुन्याले धाड."

"ताई?" आम्ही तिघंही एकदमच बोललो.

"मंग काय करतं? परतवाड्यात आज रातीच सगळ्याइले समजीन. माळकऱ्याइच्या पोराले रक्तपित्या म्हनलं हिनं! दोन वर्षं तरी वऱ्हाडातला कोनी या घरचा चहा प्यायले येत नाही. तवरक पोरगी घरात बसून काय करीन? शिकून तरी घीन."

मुलींनी शिकावं म्हणून मी वर्षानुवर्षं भाषणं देतेय आणि त्यातल्या एकाही भाषणानं ताई हलल्या नव्हत्या. आज रुचा पुण्यात एमएस्सी करतेय, आणि कोणी विचारलं की ताई अकोल्यात सगळ्यांना अगदी खरं कारण सांगतात, "पोरगी हुशार हाये ते हायेच. पन तिच्या मायचं तोंड नसतं ना, तं कवाच लगन झालं असतं तिचं!"