तशीच ये

वरवंडच्या स्टँडवर मी बॅग घेऊन उभी होते आणि आईला भलतीच काळजी लागली होती. पोरगी सणसवाडीला कंपनीत चालली, खाईल काय, राहील कशी, ते सगळं राहिलं बाजूला. कानाशी येऊन म्हणाली, "वैशे, कावळा शिवल्यावर खोलीत बाजूला बसायला जागा हाय ना?"

मी म्हटलं, "आई, एका खोलीत चौघी. बाजूला म्हंजी जिन्यात बसू का?"

तेवढ्यात गाडी आली. चौफुल्यापर्यंत मी रडले, खोटं कशाला बोलू. पण भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरले तशी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची त्या कोपऱ्यातून.

त्या कोपऱ्याचा मला भारी राग होता. पाळी आली की पडवीच्या कोपऱ्यात वेगळं ताट, वेगळी वाकळ, आणि अख्ख्या आळीला बातमी. सणसवाडीत कुणाला कुणाचं काही नव्हतं. एक आठवडा डे, एक आठवडा नाईट. लाईनवर उभ्यानं वायरी जोडायच्या, आणि आपल्या जागी दुसरी कुणी आल्याशिवाय बाथरूमला हलता येत नाही. त्यामुळं पावसाळ्यात एका महिन्यात पाळी आली नाही तेव्हा मला आनंदच झाला. पुढच्या महिन्यातही नाही. खोलीतली कविता, परभणीकडची, म्हणाली, "नशीबवान आहेस बघ." मलाही तसंच वाटलं. केस कंगवाभर गळायचे, अंग सुटलं होतं, बसल्या जागी डोळा लागायचा. मी सगळं नाईट शिफ्टच्या नावावर खपवलं.

सणाला बोलावताना आई पाळीचा अंदाज घ्यायला फोनवर न चुकता विचारायची, "मोकळी हाईस ना?" मी झोकात सांगायचे, "हाय की!"

दिवाळीला गेले तेव्हा आई करंज्या लाटत होती. लाटता लाटता थांबली. "गौरीला आलीस, घटाला आलीस, आता दिवाळीला आलीस. एकदाबी कावळा आडवा आला न्हाई. देवाची एवढी मर्जी कवापासनं झाली तुझ्यावर?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "संशय घेतीस व्हय माझ्यावर?"

"संशय असता तर झिंज्या धरल्या असत्या. भ्या वाटतंय गं मला. उद्या लगीन झालं आन् लेकरूच झालं न्हाई तर?"

तीच भीती माझ्याही पोटात होती, फक्त मी त्या भीतीला तोंड उघडू देत नव्हते. तिथंच चुलीपुढं बसून मी हमसून हमसून रडले. सणासुदीला आम्ही दोघी रडतोय आणि कढईतल्या करंज्या जळून गेल्या.

डॉक्टरकडं जायचं ठरलं, पण कुठं? आई म्हणाली, "केडगावला नगं, समदे वळखीचे. बिनलग्नाची पोरगी बायकांच्या डॉक्टरकडं दिसली की गाव काय बोलंल? शिरूरला जाऊ." एवढं दोन गाड्या बदलून शिरूरच्या दवाखान्यात पोचलो, तर बाकड्यावर कोण? आमच्याच आळीतल्या चंद्रामामी, लेकीला घेऊन!

"पाव्हण्यांकडं आलो व्हतो," मामी म्हणाल्या.

"आमीबी," आई म्हणाली. मग दोघी एकमेकींकडं बघून अशा हसल्या की कंपाउंडर बघायला आला. मामींच्या लेकीचं माझ्या उलटं होतं. तिचं पंधरा-पंधरा दिवस थांबायचं नाही. "वयात आलं की व्हतं असं," म्हणत मामींनी वर्ष काढलं, आणि पोरगी पांढरीफटक पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी गरोदरपणाची तपासणी सांगितली. आईचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "पाळी चुकली की सगळ्यांचीच करतो, मनाला लावून घेऊ नका."

"समद्यांची करताय ना? मग करा," आई म्हणाली. मला तेव्हा आईचा फार अभिमान वाटला.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. निघाला थायरॉईड. बाईंनी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी लावून दिली. मी घाबरत घाबरत विचारलं, "मूल होईल ना?" त्या म्हणाल्या, "गोळी वेळेवर घे, थायरॉईड ताब्यात ठेव. यामुळं काही अडायचं नाही." मग दम भरला. शिफ्ट बदलली, ताण आला, वजन वरखाली झालं तर पाळी थोडी मागंपुढं होते. पण तीन महिने आलीच नाही, किंवा आठवडा उलटला तरी थांबेना, तासा-तासाला पॅड भिजतंय, मधेच रक्त दिसतंय, तर वाट बघत बसायचं नाही. लग्न झालेलं असो वा नसो.

वरवंडच्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या भीमा ओलांडून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. आता आमच्या खोलीत आम्ही चौघी एकमेकींना उघड विचारतो. कोपरा मात्र कुणालाच नाही.

माघी पौर्णिमेला आमच्याकडं खंडोबाची तळी असते. ताम्हणात भंडारा-खोबरं घेऊन सगळ्यांनी मिळून ती उचलायची. मी सकाळी निघायच्या तयारीत, आणि नेमकी त्याच वेळी पाळी आली. इतक्या महिन्यांनी! हसू का रडू कळेना. आईला फोन लावला. "आई, कावळा शिवला. आता येता यायचं न्हाई."

आई म्हणाली, "तशीच ये."

"अगं, पण तळी हाय..."

"तशीच ये, आन् तळीला हात लाव. तुझी पाळी येऊंदे म्हणून त्याच्याचपुढं पदर पसरला व्हता मी. ज्याच्याकडं मागितलं, त्यालाच कसा विटाळ व्हईल?"

मी गेले. तळी उचलली. आईनं माझ्या कपाळावर मूठभर भंडारा फासला, आणि मी तिच्या शेजारी, देवापुढं, जेवायला बसले. गाव सोडताना मी त्याच घरातल्या कोपऱ्यापासून पळाले होते. आता सुट्टी मिळाली की फक्त गाडी कधी आहे तेवढं बघते, आणि जशी असेन तशी घरी जाते.