देवघराबाहेर काढलेला सर्जिकल शू

ऑपरेशननंतर सहा आठवडे जो बूट घातल्याशिवाय उभंही राहायचं नव्हतं, तो मी रोज देवघराच्या खोलीबाहेर काढून ठेवत होतो.

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली होती. मी तिला कुरूप समजून कॉर्न प्लास्टर लावत बसलो. कातडी भाजली, गाठ जागच्या जागी. आमच्या लंडनमधल्या पिनरच्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, बघताक्षणी सांगितलं, हे बनियन. भारदस्त नाव हॅलक्स व्हॅल्गस. म्हणजे अंगठा शेजारच्या बोटांवर रेलतो आणि त्याच्यामागचं हाड बाहेर ढुशी मारतं. नवीन काही उगवत नाही, आहे तेच हाड वाकडं जातं. त्यामुळे घासून, कापून, लेप लावून उपयोग शून्य.

रुंद बूट झाले, इनसोल झाले, गोळ्या झाल्या. स्टेशनचा जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर नाव लागलं. ती लिस्ट माझ्यापेक्षाही लंगडत चालते.

अखेर ऑस्टिओटॉमी झाली. हाड कापून सरळ करायचं आणि स्क्रूनं धरून ठेवायचं. त्याच दिवशी घरी. सर्जनबाईंनी कडक तळव्याचा सर्जिकल शू चढवला आणि बजावलं, उभं राहायचं ते यातच, भार टाचेवर. माझी बायको मेधा शेजारी होती. तिनं मान डोलावली, मीही डोलावली.

पुढे मेधाची रजा संपली आणि घरात मी एकटा उरलो. देवघराच्या खोलीत पायताण घालून जायला मन धजेना. त्याच खोलीत टीव्ही आहे, हेही सांगून टाकतो. मेधाची गाडी दारात आली की मी सोफ्यावर, पाय उशीवर, बूट पायात, चेहरा सोशिक.

पुढच्या तपासणीत सर्जनबाईंनी एक्स-रेचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्क्रू हलला होता. बूट सतत घालत होतात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मेधानं माझ्याकडे पाहिलं. मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं, "म्हणजे, देवघरात नाही. इन अवर कल्चर, यू सी..."

सर्जनबाईंच्या बॅजवरचं इंग्रजी आडनाव नवऱ्याकडून आलेलं, हे मला काय माहीत.

"मी लेस्टरच्या गुजराती घरात वाढले," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं याच ऑपरेशनच्या वेळी घरासाठी दुसरा कोरा शू मागून घेतला आणि तो घालून आरती केली. तुम्ही का नाही मागितलात?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. हाड आहे तिथे धरलं तर ठीक, अजून सरकलं तर पुन्हा कापायचं. ते पुढचा एक्स-रे ठरवणार होता.

गाडीत मेधा एवढंच म्हणाली, "तुझे मोजेसुद्धा मी चढवले. आता परत ऑपरेशन लागलं तर टॅक्सी कर."

त्यानंतर एकाच घरात आमचा संसार व्हॉट्सॲपवर चालला. 'डाळ फ्रिजमध्ये. गरम कर.' मी शू घालून देवासमोर उभा राहायचो आणि हाडासाठी हात जोडायचो. मेधाकडे बघायची हिंमत नव्हती.

तुमच्यावर ही वेळ आली तर घरासाठी दुसरा बूट आधीच मागा. देव समजून घेतो, स्क्रू घेत नाही.

शेवटी हाड धरलं. पुन्हा कापायचं टळलं, पण पाय किंचित वाकडा राहणार, असं सर्जनबाईंनी सांगितलं. बाहेर पार्किंगमध्ये मी मेधाचे मनापासून आभार मानले. म्हटलं, तू होतीस म्हणून निभावलं. मग जरा काळजीनं विचारलं, मी आता असाच चालणार का गं?

गाडीचं दार उघडत ती म्हणाली, "बरंच आहे. उद्या तुझं पाऊल वाकडं पडलं, तरी फार लांब जायचं नाही."