दोन हजार तीनातून आठशे सत्तेचाळीस

दहावीला गणितात मी दोनदा आपटले, तरी घरात सगळ्यात शिकलेली मीच. म्हणून आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, वजाबाकी शिकवायचं काम माझ्याकडं आलं. त्या साली पावसासारखीच हुशारीचीही टंचाई होती म्हणायची.

आमचं गाव केजच्या बाजूचं. पाणी आटलं तशी गावच्या दूध सोसायटीनं जनावरांची छावणी काढायचं ठरवलं. चाऱ्याच्या गाड्या मोजायला मापाडी हवा होता. भरल्या गाडीचं वजन लिहायचं, त्याखाली रिकाम्या गाडीचं, आणि वजा करून चारा किती ते मांडायचं. ही जागा आबांना मिळाली असती तर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जावं लागलं नसतं. आमचा मुकादम एकट्या माणसाला नेत नसे. कोयता म्हणजे जोडपं. आणि मायची कंबर आदल्या हंगामातच गेली होती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणं आता तिच्यानं होणार नाही, असं ती सोडून सगळे म्हणायचे.

आबांना मोजता येत नव्हतं असं नाही. ते इसांत मोजायचे. वीस म्हणजे एक इसा, पाच इसा म्हणजे शंभर. शेळ्यांच्या कळपावर एकदा नजर टाकून "तीन इसा अन् चार" म्हणायचे, आणि चौसष्टच भरायच्या. सोसायटीला मात्र कागदावर मांडलेलं हवं होतं, एककाखाली एकक. धाकट्या भावाच्या पाटीवर रोज दुपारी मी शिकवायला बसले. बेरजेत वीस झाल्याशिवाय ते हातचा धरेनात. दहालाच कावून, असं विचारायचे. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी रागवायचे. शेवटी बजावलं, डोक्यात काय येतं ते सोडा, पाटीवर येईल तेच खरं. मास्तरीण म्हणून मला स्वतःचं हे वाक्य फार आवडलं होतं.

वजाबाकीत वरचा आकडा कमी पडला की शेजारच्याकडून दहा उसने घ्यायचे, हे त्यांना लगेच पटलं. गावात राहणाऱ्या माणसाला ते निराळं शिकवावं लागत नाही. फक्त मधे शून्य असलेली गणितं मी घातलीच नाहीत. ती मलाच येत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मीही सोसायटीत गेले. चेअरमननं आकडे सांगितले. भरली गाडी दोन हजार तीन किलो, रिकामी आठशे सत्तेचाळीस. आबांनी सगळं नीट एकाखाली एक मांडलं आणि थांबले. बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग भराभर लिहून पुढं सरकवलं. दोन हजार आठशे चव्वेचाळीस.

चेअरमन म्हणाले, "आबा, भरल्या गाडीपरीस तुमचा चाराच जड हाय की."

सगळे हसले. मीही हसले. का हसले ते अजून मला सांगता येत नाही.

परतताना पांदीच्या वाटेवर आबांनी सांगितलं की डोक्यात अकराशे छप्पन कधीच आलं होतं.

"मग लिवलं कावून न्हाई?"

"तूच म्हणलीस ना, पाटीवरचं खरं. तीनातून सात जाईना. शेजाऱ्याकडं बघितलं तर तिथं भोपळा. त्याच्या शेजारी बी भोपळा. ज्याच्याकडं कायच न्हाई त्याला मागावं कसं, बाई? म्हणून वर कोण, खाली कोण न बघता मोठ्यातून धाकटा काढला."

घरी मायनं आमची चाल बघितली आणि निकाल विचारलाच नाही. भाकरी झाल्यात, जेवून घ्या, एवढंच म्हणाली.

दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक आला. मायनं जुनं लुगडं कमरेभोवती घट्ट आवळलं होतं. ट्रकमध्ये चढायला तिला दोघांनी हात दिला. ऊस अजून लांबच होता.