डाग्याच्या घशातलं हाड

माझी मोठी जाऊ मनकर्णाबाई माणसांपेक्षा कोंबड्यांशी जास्त बोलायची. मला तिचा रागच यायचा. चहा निवत असायचा आणि बाई खुराड्यापाशी वाकून विचारत असायची, "काऊन व तांबडे, अंडं कुठं टाकून आली?" कोंबडीनं जबाब दिल्याशिवाय ती काही चहाला येणार नाही, असं मी आमच्या ह्यांना म्हणायची.

वडनेरच्या अलीकडे आमचं तीन एकर वावर, त्यातच घर. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर करायचो आणि बाजारात नेऊन विकायचो. माझे भासरे, म्हणजे तिचा नवरा, लग्नानंतर चार वर्षांत गेले, मूलबाळ नव्हतं. तीस-पस्तीस कोंबड्या आणि तीन कुत्री, एवढाच मनकर्णाबाईचा संसार. कुत्री हौसेची नव्हती. गावापासून लांब घर, चहूकडून रानमांजरं आणि कोल्हे. कुत्री नसती तर आठवडाभरात खुराडं रिकामं झालं असतं. भुरी ही आई, डाग्या आणि बुटकी तिची पिल्लं. कोंबडीची पिल्लं त्यांच्या पाठीवर चढून बसत आणि ही तिघं डोळे मिटून पडून राहत. तिनं त्यांना तसंच वाढवलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली दिवाळी झाल्यावर भर दुपारी एक कोल्हा बांधावर आला. कोल्हा असा दिवसाउजेडी येत नाही. तो लटपटत होता आणि समोर दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडे बघतही नव्हता. डाग्या धावून गेला, झटापट झाली, कोल्हा कपाशीच्या पऱ्हाटीत निघून गेला. डाग्याचा ओठ फाटला होता. मनकर्णाबाईनं हळद लावली आणि त्याला शाबासकी दिली. मला ते काही बरं वाटलं नाही, पण आठ दिवसांत जखम भरली आणि आम्ही विसरलो.

दीड महिन्यानं डाग्यानं खाणं सोडलं. खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, भुंकणं घोगरं झालं. पाण्याशी जाई, तोंड घाली, पण घोट उतरत नसे. चावणं नाही की अंगावर येणं नाही. उलट तो सारखा तिच्या पायाशी घोटाळायचा. आदल्या बाजाराला कोंबड्या कापल्या होत्या, त्यांच्या माना कुत्र्यांनाच घातल्या होत्या. म्हणून मीच म्हणाले, "बाई, याच्या नरड्यात हाड फसलं वाट्टे."

हे शब्द माझे होते. ते मी कुणावर ढकलत नाही.

"तू डोस्कं धर, मी पाह्यतो," ती म्हणाली. मी दोन्ही कानांमागून डोकं धरलं आणि तिनं मनगटापर्यंत हात आत घातला. वांगी तोडून तोडून तिच्या बोटांना कायम काट्यांचे ओरखडे असत. बराच वेळ चाचपून तिनं हात बाहेर काढला आणि लुगड्याला पुसला. हाड नव्हतं. तिसऱ्या दिवशी डाग्या वांग्यांच्या वाफ्यात मरून पडला. तेव्हा कुठं मला तो लटपटणारा कोल्हा आठवला.

"बाई, हिंगणघाटले चला. चौदा सुया घ्या. लाळ लागली तरी घ्या लागते म्हंते."

"तो मले चावला नाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन मी सुया घेतल्या तं गावाले काय सांगशीन?"

तिचं कशावर अडलं होतं ते मला कळलं. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या कवडूचं कुत्रं पिसाळलं होतं. चावडीवर ठरलं, की ज्या घरचं एक पिसाळलं त्या घरची सगळी मारायची. कवडूची तिन्ही कुत्री त्याच्याच अंगणात काठ्यांनी मारली. मनकर्णाबाई ते बघून आली आणि दोन दिवस जेवली नव्हती. आता तिनं डाग्याला स्वतः खड्डा खणून पुरलं. कुणी विचारलं तर सांगायचं, घशात हाड अडकून मेला.

मी काय करायला हवं होतं? आमच्या ह्यांना सांगायला हवं होतं. बैलबंडी जुंपून तिला ओढत न्यायला हवं होतं. मी गप्प बसले. माझ्या हातांना लाळ लागली नव्हती, हे मी स्वतःशी पुनःपुन्हा घोकत होते, हेही सांगून टाकते. रोज सकाळी मी आधी भुरी आणि बुटकी पाणी पितात का ते बघायची, मग मनकर्णाबाई पिते का ते. तिघी प्यायच्या. संक्रांत गेली, मिरच्या लाल झाल्या, तांबडी चौदा अंड्यांवर बसली.

होळीला चार दिवस असताना ती म्हणाली, उजवा हात मुंग्या आल्यासारखा झिणझिणतो. दुसऱ्या दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तिचा सगळा देह मागे ओढला गेला. आमचे हे बंडी जुंपायला धावले. ती मात्र शांतपणे बोलली.

"गोपिका, माह्या भुरीले आन बुटकीले कोनाले हात लावू देजो नको."

"नाई लावू देत, बाई."

हिंगणघाटच्या दवाखान्यात ती दीड दिवस होती. तिथल्या डॉक्टरनं आमच्या ह्यांना सारं विचारलं, बाईला कुत्र्याची लाळ बाधल्याचं गावात पसरलं, आणि ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कवडू चार माणसं घेऊन अंगणात आला. पाचही जणांच्या हातांत काठ्या होत्या. "वयनी, माह्या घरी झालं तेच इथं झालं पायजे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आमचे हे खाली मान घालून उभे राहिले.

माणसं बघून भुरी आणि बुटकी वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली शिरल्या होत्या. काठी पोचत नव्हती. त्यांना काही झालेलं नव्हतं, सकाळीच माझ्यासमोर दोघींनी घमेलंभर पाणी संपवलं होतं. मी हे बोलू शकले असते. पण उंबऱ्यात माझी चार वर्षांची लेक कोकिळा उभी होती, आणि मला फक्त तिचे उघडे हातपाय दिसत होते.

कवडू म्हणाला, "तुमीच बलावा. तुमचा आवाज वयखते."

मी भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि दोघींना नावानं हाक मारली. भुरी आधी बाहेर आली, तिच्या मागून बुटकी.