सिद्धार्थच्या गावी तीन तांबे पाणी

माजरीला चहा चांगला मिळतो असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. तरी मी उतरलो. स्टेशनापलीकडे कोळशाचे काळे ढीग, त्यावर डिसेंबरचं कोवळं ऊन, आणि माझ्या हातात वाफाळती कपबशी. तेवढ्यात गाडी हलली. सभ्य माणूस असल्यामुळे मी आधी कपबशी परत करायला गेलो. गाडी माझी पिशवी घेऊन बल्लारशाहकडे निघून गेली.

पिशवीत दोन शर्ट होते, पेढे होते आणि माझ्या धाकट्या भावाचा, दिनूचा, फोटो होता. खरं तर त्या फोटोसाठीच मी पुण्याहून दोन दिवसांचा प्रवास करत आलो होतो.

दिनूची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मुंबईच्या एका इस्पितळात त्याला एका मेलेल्या तरुणाचं मूत्रपिंड बसवलं. तरुणाचं नाव सिद्धार्थ. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या पुढे, जंगलाच्या कडेला. मुंबईत कारखान्यात कामाला होता, तिथं उंचावरून पडला. त्याच इस्पितळात त्याचं हृदय थांबलं तेव्हा गावाहून आलेली त्याची आई उशाशी होती. हृदय थांबल्यावर मूत्रपिंड फार वेळ टिकत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिथल्या तिथं विचारलं आणि त्या बाईनं कागदावर अंगठा दिला. दिनू त्यावर चौदा महिने जगला. मग शरीरानं ते नाकारलं आणि दिनू गेला. ही बातमी त्या आईला कळवायची होती. तोंडानं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं, तेव्हा हार घातलेला फोटो हातात ठेवायचा असं मी ठरवलं होतं. आता तो फोटोच पुढे गेला होता.

माजरीहून एका कोळशाच्या ट्रकनं मला चंद्रपूरला सोडलं. खास या भेटीसाठी घातलेला पांढरा शर्ट वाटेत करडा झाला. मूलच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"खदानीत हाव का?"

"नाही, पुण्याचा आहे."

"मंग काऊन असे झाले?"

"चहा प्यायला उतरलो होतो."

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं, ते थेट मूलचा स्टँड येईपर्यंत. बाहेर सागाचं जंगल होतं. मधेच जंगल सरे आणि कापणी झालेल्या बांध्या (भाताची खाचरं) उघड्या पडत. खळ्यावर बैल गोल फिरत होते. हवेला नव्या तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) वास होता. माणूस दुःखाच्या कामाला निघाला असला तरी असा वास नाकाला गोड लागतोच, याची मला लाज वाटली.

गावाच्या फाट्यावर उतरलो आणि माझी पुढची चूक समोर उभी राहिली. पंचवीस-तीस माणसं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, आणि सर्वांत पुढे झेंडूचा हार घेतलेले एक गृहस्थ. सिद्धार्थचे काका, काशिनाथभाऊ.

झालं होतं असं. येण्याआधी मी पोस्टकार्ड टाकलं होतं. मला अलंकारिक लिहायची खोड आहे. मी लिहिलं होतं, "आपल्या पुत्राचे मूत्रपिंड आमच्या घरी आले, त्या उपकारांच्या दर्शनास येत आहे." दिनू गेल्याचं कार्डावर लिहायला मन झालं नाही. ते कार्ड विहारात मोठ्यानं वाचलं गेलं आणि सगळ्या गावानं ठरवलं की किडनीवालाच येतोय.

"नाही हो, मी तो..." एवढं मी म्हणालो. तोवर हार गळ्यात पडला होता आणि काशिनाथभाऊ रडत होते.

"वर्षभर मी ह्या वयनीच्या घराची पायरी चढलो नाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हनलं, पोराचं आंग गरम होतं अन् तुनं त्याले फाडू देलं. आज तुमाले पाह्यलं अन् आलो."

त्यांच्या मागे यशोदाबाई उभ्या होत्या. सिद्धार्थची आई. बारीक, ताठ, डोक्यावर पदर.  त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

घर मातीचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली सिद्धार्थचा फोटो. मला सतरंजीवर बसवलं आणि पाणी आलं. एक तांबा प्यायलो. लगेच दुसरा आला.

"प्या, प्या," काशिनाथभाऊ म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं होतं ना वयनीले, त्या किडनीले पानी लागते म्हनून."

तिसरा तांबा यशोदाबाईंनी स्वतः भरून दिला. मी तोही रिचवला. मग जे व्हायचं ते झालं. मी चोरासारखा उठून घरामागच्या बांधीकडे गेलो. परत आलो तर ओसरीवर सगळे माझी वाट बघत होते.

"धार चांगली हाय ना?" एका म्हातारबांनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणालो.

सगळ्या ओसरीवर समाधान पसरलं. कुणीतरी "वा रे सिद्धार्थ!" म्हणालं. माझ्या आयुष्यात कुठल्याही कामगिरीचं एवढं कौतुक झालं नव्हतं, आणि हे कौतुक तर माझं नव्हतंच.

जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याच्या भाजीवर भरपूर सांबार (कोथिंबीर). एका बाईनं वाढता वाढता विचारलं, "कुठी बसवली जी ती?" मी हात मागे नेऊन कमरेवर ठेवला. "इथं." मग प्रत्येकानं माझ्या कमरेकडे आदरानं पाहिलं. यशोदाबाईंनी भाताचा चमचा माझ्या ताटावर धरला होता. तो क्षणभर तसाच थांबला. मग त्यांनी भात वाढला.

चारच्या एसटीला पोचवायला त्या एकट्याच आल्या. काशिनाथभाऊ निघाले होते, त्यांना त्यांनी घरीच थांबवलं. त्यांच्या हातात तांदळाची पुरचुंडी होती. 

अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या आणि त्यांनी आपलं बोट माझ्या पोटावर टेकवलं. समोर, उजवीकडे, खाली.

"इथी बसवतेत, भाऊ. मागं नाई. डॉक्टरनं मले बोट ठेवून दाखवलं होतं."

 दिनूची जखम मी कधी पाहिली नव्हती. ड्रेसिंगच्या वेळी मी नेमका चहाला जायचो.

"कोन होता तो?"

"धाकटा भाऊ. दिनू."

"गेला?"

"हो."

"किती दिवस चालली?"

"चौदा महिने."

त्यांनी बोटांवर मोजलं. "दोन दिवाळ्या पाह्यल्या म्हना."

"पाहिल्या."

"मंग ताजी काढली म्हनूनच चालली. लोक म्हनत, घाई केली. मलेही तसंच वाटे, आजपर्यंत." त्यांनी पदर सावरला. "देराले सांगू नोका. मी सांगीन त्याले, सवडीनं." थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "तुमची नाई जुळली काय?"

हा प्रश्न मला याआधी एकीनंच विचारला होता, माझ्या आईनं. तिला मी "नाही" सांगितलं होतं. तिची स्वतःची किडनी मधुमेहामुळे चालत नव्हती. माझी जुळत होती. डॉक्टरांनी तारीखही विचारली होती. मी म्हणालो, ऑफिसची परीक्षा होऊ दे. मग म्हणालो, पावसाळा जाऊ दे. तेवढ्यात सिद्धार्थ पडला आणि मी सुटलो.

"जुळत होती," मी म्हणालो.

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. एसटी दिसल्यावर पुरचुंडी माझ्या हातात दिली. "तुमच्या मायले द्या. नवा तांदूळ हाय, पानी जरा कमी टाका म्हना."

बल्लारशाहला पिशवी मिळाली. पेढे उंदरांनी खाल्ले होते, फोटो शाबूत होता. तो मी तिथूनच यशोदाबाईंच्या नावानं पोस्टात टाकला, सोबत एक ओळही न लिहिता. परतीच्या गाडीत कुठल्याच स्टेशनवर उतरलो नाही.

पुण्याला आईनं तो तांदूळ त्याच दिवशी शिजवायला घेतला. पातेल्याजवळ बसून तिनं सगळं ऐकलं. माजरी, हार, तीन तांबे. ऐकता ऐकता हसलीसुद्धा. दिनू गेल्यापासून पहिल्यांदाच.

"आणि शेवटी काय सांगितलंस रे तिला?"

भाताचा वास घरभर झाला होता.

"तुला सांगितलं नाही, ते," मी म्हणालो.

आईनं स्टोव्ह बारीक केला आणि माझ्याकडे तोंड करून बसली.